मेणदोऱ्याची गाठ

थांबा, ते बटण दाबू नका! आधी माझं ऐका. मी बोलतोय, कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या कोपऱ्यात बसलेला पॉवर सप्लाय. भिंतीतून येणारी रानटी वीज मी माणसाळवतो आणि ज्याला जितकी पचेल तितकीच वाढतो. कुणाला पाच व्होल्ट, कुणाला बारा. वाढण्यात गफलत झाली तर खाणारा मरतो, माझ्या अंगाला ओरखडासुद्धा येत नाही. म्हणून तर मला भीती वाटते.

दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस धूळ खात होतो. एकदा जावईबापू आले. मी ज्या घरी गेलो त्या घरचे ते जावई, म्हणून मी त्यांना असंच म्हणतो.

"किती वॅटचा देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"साडेचारशेचा पुरेल, पण साडेपाचशेचाच द्या. ओढाताण नको."

"असं गिऱ्हाईक रोज मिळायला हवं हो. लोक सगळ्यात स्वस्त मागतात आणि आठ दिवसांत तोंड पाडून परत येतात."

मी सुखावलो. माणूस विचारी आहे, आपलं भलं होणार, असं वाटलं.

घरात खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर निपचित पडला होता. शेजारी सासरे बसले होते. त्यांचा पुस्तकबांधणीचा धंदा. बांधलेलं प्रत्येक पुस्तक ते मोठ्याने वाचून काढत. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. पण ऑपरेशनच्या आधी, कधीतरी नातवंड येईल म्हणून, त्यांनी याच कॉम्प्युटरसमोर बसून गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. त्यांचा सगळा आवाज आता आतल्या एका डिस्कवर होता. "एकदा कॉपी काढायला हवी," असं सगळेच म्हणायचे. म्हणता म्हणता लेकीला दिवस गेले, आणि तेवढ्यात जुना पॉवर सप्लाय बंद पडला.

जावईबापूंनी काम मात्र शिस्तीत केलं. प्लग उपटला, घड्याळ काढून ठेवलं, प्रत्येक जोडणीचा फोटो घेतला. जुन्याला बाहेर काढून मला त्याच्या जागी बसवलं, चारही स्क्रू आवळले. माझ्या जाड तारा माझ्या अंगालाच जोडलेल्या आहेत, त्या त्यांनी जागच्या जागी लावल्या. उरली डिस्कची बारीक तार. ती सुटी असते, एक तोंड माझ्यात बसतं आणि दुसरं डिस्कमध्ये.

जुन्याची बारीक तार सासऱ्यांनी पेटीच्या कडेने मेणदोऱ्याने बांधली होती. पुस्तकाची शिवण असावी तशा सारख्या अंतरावर गाठी.

"बाबा, ही काही मी सोडत नाही हं," जावईबापू म्हणाले. "इतकं देखणं काम मोडायला हात धजत नाही."

सासरे लाजल्यासारखे हसले. जावईबापूंनी त्याच तारेचं मोकळं तोंड माझ्यात खुपसलं. टक्क करून बसलं. तिथेच घात झाला. तोंड जुळलं, पण आतली मांडणी वेगळी! जुन्या पॉवर सप्लायची कंपनी वेगळी, माझी वेगळी. परक्या स्वयंपाकघरात सवयीने हात घालावा आणि साखरेऐवजी मीठ हाती यावं, तसं. तो जिथून पाच व्होल्ट द्यायचा, तिथून मी बारा देतो.

"अहो, ही पिशवी उरली की," लेक म्हणाली. पिशवीत माझ्या स्वतःच्या तारा होत्या.

"जास्तीच्या असतील. ठेवून दे, उपयोगी पडतील पुढेमागे."

बटण दाबलं. माझा पंखा फिरला, पडदा उजळला. "झाला चालू!" लेकीने टाळ्या वाजवल्या. जळका वास पहिल्यांदा सासऱ्यांच्या नाकात गेला. मग पडद्यावर अक्षरं आली, डिस्क सापडत नाही.

जावईबापूंनी पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहिलं. शेवटी म्हणाले, "वयच झालं होतं डिस्कचं." सगळ्यांनी ते खरं मानलं. इतक्या निगुतीने काम केलेल्या माणसावर शंका कोण घेणार? लेक बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिची समजूत काढायला त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण खोलीत फक्त माझा पंखा ऐकू येत होता. मला माझीच लाज वाटली.

आणि आज सासऱ्यांना कपाटात एक, त्या जळालेल्या डिस्कहूनही जुनी डिस्क सापडली आहे. स्वतः बांधलेल्या कापडी पेटीत त्यांनी ती जपून ठेवली होती. डिस्क बदलण्याआधी सांगितलेल्या अर्ध्या गोष्टी तिच्यावर अजून आहेत, हे सगळे विसरूनच गेले होते. त्यांचा तेवढाच आवाज आता या जगात शिल्लक आहे.

"आता पहिलं काम कॉपीचं, बाबा," असं म्हणत जावईबापूंनी ती त्याच बारीक तारेला जोडली. एक गाठ सैल झाली होती. सासऱ्यांनी नवा मेणदोरा घेतला, गाठ घट्ट मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला.

जावईबापू, ती गाठ सोडा हो! बाबांना वाईट वाटेल, वाटू दे. कपाटातली ती पिशवी फोडा, माझी तार मला द्या. निदान जे पुन्हा मिळणार नाही ते तरी बाजूला काढून ठेवा. माझ्याजवळ द्यायला वीज आहे, हाक मारायला तोंड नाही. सासऱ्यांचं आणि माझं दुखणं एकच.

त्यांचा हात बटणाकडे निघाला आहे. लेक खुर्ची पुढे ओढून बसली आहे, पोटावर तळहात ठेवून.

"ऐक हं बाळा," ती म्हणते आहे, "आता आजोबा बोलतील."