संघपालचं विमान

एस.टी.त कंडक्टरकी करण्यात माझी उमर गेली. त्यामुळे वाहन पाहून हरखणारी माणसं मला कधी कळलीच नाहीत. गाडी म्हणजे धूळ, सुट्या पैशांची भांडणं आणि टपावरच्या पोत्यांची कटकट. आणि माझ्याच पोटी हा संघपाल जन्मला. जर्मनीत फ्रँकफर्टला चांगली नोकरी. रविवारी माणसानं झोपावं, तर हा डबा बांधून विमानतळाच्या कुंपणाशी उभा. विमानांचे फोटो काढायला! तिथून व्हिडिओ कॉल लावायचा, "बाबा, हे पाहा, चार इंजिनांचं." मी म्हणायचो, "अबे, जानेफळच्या स्टँडवर ये, यष्टीचे फोटो काढ. वरून चहा पाजतो." तो हसायचा. याच वेडाची तिथली पाच-सात म्हातारी माणसंही रोज त्या कुंपणाशी असायची, त्यांच्यात तो अगदी मुरला होता.

मागच्या महिन्यात कामावर जाताना, सायकलवरच, त्याचं हृदय बंद पडलं. हे वाक्य मी आता न अडखळता म्हणू शकतो. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तेच सांगावं लागलं.

त्याला घरी आणायची सगळी धावपळ हरिओमनं केली. हरिओम चिखलीचा, त्याच शहरात नोकरीला, संघपालचा जिवलग. शेवटी निरोप आला, रविवारी दुपारच्या विमानानं मुंबई. माझा पुतण्या गाडी घेऊन मुंबईकडे निघाला. हरिओमनं पाठवलेले कागद मी मोबाइलवर चाळले, तर त्यात त्याच्या पेटीचं वजन लिहिलेलं. जन्मभर मी माणसाला तिकीट फाडलं आणि सामानाला लगेज. माझ्या पोराचं लगेज झालं होतं. बायकोला, बेबीताईला, मी हे सांगितलं नाही.

तिचं वेगळंच चाललं होतं. आमच्याकडे कुणी परगावी निघालं की घरचं एक तरी माणूस स्टँडवर जातं आणि गाडी वळणाआड होईस्तोवर तिथून हलत नाही. संघपाल बुलढाण्याला कॉलेजला निघाला तरी ही भर उन्हात उभी असायची.

"तिथून निंघतानी त्याच्यासाठी कोन उभं राहीन?" ती सारखी विचारू लागली. "अनोयखी मुलकातून पोरगं एकटंच निंघन का?"

मी हरिओमला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मी जातो नं. तो जिथं उभा राहे, तिथंच उभा राहतो. त्याचाच कॅमेरा घेतो. काकूले सांगा, फोटो बी काढतो."

रविवारी जेवणं तशीच राहिली. ओसरीवर तांब्याला मोबाइल टेकवून आम्ही दोघं बसलो. पडद्यावर कुंपण, पलीकडे धावपट्टी आणि ती म्हातारी माणसं. हरिओमनं त्यांना सांगितलं तशी ती एकेक करून मोबाइलसमोर आली. एकानं टोपी काढून छातीशी धरली. त्यांचं बोलणं आम्हाला कळलं नाही. बेबीताई प्रत्येकाला हात जोडून जय भीम म्हणत होती.

एखादं विमान उडालं की ती विचारायची, "हे का रे?"

"नाही काकू, हे दुसरीकडचं."

संघपालच्या विमानाला उशीर झाला होता. मला धास्ती होती ती रेंजची. आमच्याकडची रेंज लहरी. आणि व्हायचं तेच झालं. "आलं काकू, हेच, हेच..." हरिओम ओरडला आणि पडदा थिजला. बेबीताई मोबाइल उचलून रस्त्यापर्यंत धावत गेली. काही उपयोग झाला नाही. मी त्या मोबाइलला काय काय बोललो ते लिहिण्याजोगं नाही.

"माह्या पोराले म्या जातानी पाह्यलंच नाही," म्हणत ती रस्त्यातच बसली.

तिला कसंबसं घरी आणलं. दिवे लागायच्या सुमारास फोटो आला. हरिओमनं लिहिलं होतं, त्याच्या हातात मोबाइल होता म्हणून त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं काढला. विमान नुकतंच जमिनीवरून सुटलेलं, चाकं अजून बाहेर, अंगावर स्वच्छ ऊन. फोटो इतका साफ की खिडक्या मोजाव्यात.

बेबीताईनं दोन बोटांनी तो मोठा केला आणि एकेक खिडकी पाहत गेली. मग मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आपला संघपाल कोन्या खिडकीत हाय?"

तो कुठल्याच खिडकीत नव्हता. खाली विमानाच्या पोटात, लोकांच्या बॅगांशेजारी होता. शब्द माझ्या ओठावर आले होते. मी पंखामागच्या एका खिडकीवर बोट ठेवलं.

"इथं."

तिनं तो फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिलं.

"थे तं बंद हाय."

खरंच होतं. बोट ठेवायलाही मला नेमकी झापड ओढलेली खिडकी सापडली होती. मी घाईनं शेजारच्या खिडकीकडे बोट सरकवू लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "झोपला असन."

ती त्या बंद खिडकीवरून अंगठा फिरवत राहिली, हळूच, त्याला जाग येऊ नये अशा बेतानं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्यानं रडलो.