बुधवारी दोन ते चार

मिस्त्रींच्या बायकोला नवऱ्याचा संशय आला तो त्यांच्या नखांवरून.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. तीस वर्षं ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसाची नखं असतात तशीच त्यांचीही होती, कडेने काळी आणि कशानेही न निघणारी. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांनी मुठी वळलेल्या होत्या. पण बुधवारी संध्याकाळी ते घरी येत तेव्हा नखं एखाद्या कारकुनासारखी स्वच्छ असत आणि बोटांची टोकं सुरकुतलेली. गुरुवारी दुपारपर्यंत पुन्हा सगळं काळं. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीवर बसून पेशंटना नंबर द्यायची, त्यामुळे माणसं न्याहाळायची तिला सवय होती. तिने चार बुधवार पाहिलं आणि पाचव्या बुधवारी मुलीला सांगितलं.

मुलगी विमा कंपनीत होती. आलेले दावे खरे की खोटे ते तपासायची.

"बाई आहे," ती म्हणाली.

"बावन्नाव्या वर्षी?"

"आई, सगळे दावे याच वयात येतात."

घरात असलं काही निघालं की ते मामाकडे जायचं. मामा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, नीतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. एकतीस वर्षं ते दुसऱ्या सत्रात सुखवाद शिकवत आले होते आणि त्या काळात त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात विषयाला बाधा येईल असं काहीही घडलं नव्हतं. साखर त्यांनी चाळिशीत सोडली होती. डायबेटिस नव्हता, तत्त्व म्हणून सोडली.

पुढच्या बुधवारी प्राध्यापक मिस्त्रींच्या मागोमाग बसमध्ये चढले आणि पेपर उघडून मागच्या सीटवर बसले. मिस्त्री स्टेशनजवळच्या एका चार मजली हॉटेलात शिरले. प्राध्यापक खाली सोफ्यावर थांबले. आग लागल्यास काय करावे याची पाटी त्यांनी तीनदा वाचली. चार वाजता लिफ्टचं दार उघडलं आणि मिस्त्री बाहेर आले. केस ओले होते आणि चेहरा न्हाऊन झोपून उठलेल्या तान्ह्या मुलासारखा.

"दादा, तुम्ही इथे?" मिस्त्री म्हणाले.

"वर कोण आहे?"

"कुठे?"

"खोलीत, जावईबापू. खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही. टब आहे."

मग मिस्त्रींनी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी या हॉटेलची लिफ्ट दुरुस्त करताना अंगावर तेलाचा डबा उलटला होता. मॅनेजरने तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली उघडून दिली. तिच्या खिडकीसमोर भिंत असल्यामुळे ती कोणी घेत नसे. आत टब होता. मिस्त्री त्यात पहिल्यांदाच उतरले, ते दोन तासांनी बाहेर आले. तेव्हापासून दर बुधवारी ते लिफ्ट तपासायचे आणि मॅनेजर खोली द्यायचा. लिफ्टचं काम दहा मिनिटांचं होतं.

"पाठ दुखते का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"नाही."

"डोक्याला काही ताण?"

"नाही हो."

"मग कशासाठी?"

मिस्त्रींनी जरा विचार केला. "बरं वाटतं."

"ते ठीक आहे. पण त्यातून पुढे काय?"

"पुढे पाणी गार होतं. मग उठतो."

हा प्रश्न प्राध्यापकांनी एकतीस वर्षं परीक्षेत दहा मार्कांना घातला होता. इतकं लहान उत्तर कोणी लिहिलं नव्हतं.

रविवारी घरात बैठक झाली. बाई नाही म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटेल अशी मिस्त्रींची समजूत होती. तसं कोणालाच वाटलं नाही. मुलीने तर दोनदा विचारलं, "नक्की फक्त पाणी?"

प्राध्यापकांनी एक तोडगा काढला होता. ओळखीच्या डॉक्टरांकडून पाठीच्या दुखण्याची चिठ्ठी आणायची. म्हणजे हा उपचार होईल, आणि उपचाराला कोण नाव ठेवणार?

"पण माझी पाठ दुखत नाही," मिस्त्री म्हणाले.

"दुखते म्हणायला काय जातं बाबा?" मुलगी म्हणाली.

"मग तिकडे जाऊन पाठीचाच विचार येईल."

बायको इतका वेळ भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तीन वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, येताना गिरणीतून दळण आणा."

ते खरं होतं, त्यामुळे ती आणखी दुखावली. "बाई असती तर मी भांडले असते. रडले असते. सगळ्यांनी माझी बाजू घेतली असती. टबाशी मी काय भांडू?" तिने जुड्या बाजूला सारल्या. "आपण दोघांनी मिळून सगळं केलं. मुलीचं शिक्षण, हे घर, तुमच्या आईचं आजारपण. आणि सुख तेवढं तुम्ही एकट्याने जाऊन घेतलंत."

मिस्त्रींनी एक जुडी ओढून निवडायला घेतली. मग ते म्हणाले, "बुधवारी तू चल."

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मिस्त्रींनी मोजे काढून ठेवून स्वतः टब घासला, पाणी भरलं, कोपर बुडवून ते किती ऊन आहे ते पाहिलं आणि बाहेर खुर्चीवर जाऊन बसले. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग काहीतरी चोळल्याचा आवाज येऊ लागला. वीस मिनिटांनी बायको बाहेर आली. तिच्या हातात त्यांचे दोन पिळलेले मोजे होते.

"आवडलं नाही का?"

"आवडलं नाही असं नाही. पण हातांचं काय करायचं तेच कळेना." तिने मोजे खिडकीत वाळत घातले. "तुम्ही पडल्या पडल्या काय विचार करता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"पाणी कोमट झालेलंही कळत नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा हेवा वाटला होता तो या एकाच गोष्टीसाठी.

त्यानंतर काही आठवडे ती स्वतःला काय आवडतं ते शोधत होती. पुढच्या बुधवारांच्या रजेचे अर्ज तिने आधीच देऊन ठेवले होते, ते परत घ्यायला तिला लाज वाटली. एका बुधवारी ती बागेत जाऊन बसली, तर दवाखान्यातल्या पेशंटनी तिला ओळखलं आणि डोळ्यांची औषधं विचारली. एकदा सिनेमाला गेली. सिनेमा बरा होता, पण बाहेर आल्यावर तो कोणालातरी सांगावा लागणार असं वाटून ती दमली. चौथ्या बुधवारी तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती घरीच राहिली. दाराला कडी लावली, पंखा सोडला आणि लादीवर उशी टाकून आडवी झाली. झोप लागली नाही, लागायची गरजही पडली नाही. घरात तिला कोणी काही विचारत नव्हतं. पाच वाजता ती उठली तेव्हा डोकं दुखायचं थांबलं होतं. मग दर बुधवारी ती तेच करू लागली आणि याबद्दल कोणाशी काही बोलली नाही.

मग थंडी संपता संपता हॉटेलच्या मालकाने सगळ्या न्हाणीघरांतले टब काढून शॉवर बसवायला घेतले. मिस्त्री गेले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा टब फुटून दोन तुकड्यांत जिन्यात पडला होता. मॅनेजर मनापासून म्हणाला, "मिस्त्री, मला कालच कळलं हो." मिस्त्रींनी तरीही लिफ्ट तपासली आणि अडीच वाजता घरी आले.

त्यांनी दार वाजवलं. आत पंख्याचा आवाज येत होता. पुन्हा वाजवलं.

बायकोने ती थाप ओळखली. दोनदा सलग आणि एकदा थांबून, हे असंच वाजवतात. क्षणभर तिने उशीवरून डोकं उचललं आणि पुन्हा ठेवलं.

मिस्त्रींनाही तेवढ्यात काहीतरी कळलं असावं. त्यांनी तिसऱ्यांदा वाजवलं नाही. किल्ली खिशात होती, पण कडी आतून होती. ते जिन्याच्या पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जाता जाता म्हणाल्या, "घरात कोणी नाही वाटतं?"

"आहे," मिस्त्री म्हणाले.

पाच वाजता दार उघडलं. बायकोचे केस सुटे होते आणि गालावर उशीची खूण होती.

"लवकर आलात?"

"टब फोडला."

तिने त्यांना आत घेतलं, चहा टाकला. तिला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं होतं. नखं काळी होती, तिने पाहिली.

"मग आता बुधवारी कुठे जाणार?" तिने विचारलं.

"बघतो. घरीच थांबलो तर..."

"घरी नको," ती म्हणाली. रागाने नाही, खिडकीवर पुढचा नंबर सांगावा तसं.

मिस्त्रींनी मान डोलावली. आता दर बुधवारी ते डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघतात आणि शहरातली जुनी हॉटेलं पालथी घालतात. संध्याकाळी बायको आपणहून विचारते, "मिळालं का काही?" आजवर दोन ठिकाणी लिफ्ट कुरकुरत होती, पण टब नव्हता. गेल्या आठवड्यात एका ठिकाणी टब मिळाला, चांगला लांबरुंद, पण त्यांची लिफ्ट नवी कोरी होती.

"शोधा," बायको म्हणाली. "घाई काही नाही."