अकरावी चिठ्ठी

"अकरा जोड हायेत. समदे पांढरे." धनेशने गाठोडं टेबलावर आदळलं. "संध्याकाळपर्यंत कडक इस्त्री पायजे. उद्या बोट."

"कसली बोट?" झाकीरने विचारलं, जणू त्याला माहीतच नव्हतं. गावात ही गोष्ट माहीत नसलेलं कोणी उरलं असेल तर कोंबड्या, आणि त्यांचीही खात्री देता आली नसती.

"क्रूझ रं. मुंबई, गोवा, लक्षद्वीप, पाच दिवस. आईला पंचाहत्तर लागलं, म्हटलं समद्यांनी जाऊ. अकरा माणसं, चार खोल्या. एका रात्री तिथं पांढरंच घालायचं असतंय. डेकवर फोटो काढायचाय. समदं घर, मधी आई."

तो फोटो पुढे कुठे लागणार हेही गावाला माहीत होतं. निवडणूक जवळ होती आणि हायवेच्या फाट्यावरचा फलक रिकामा होता.

लोधिवलीच्या पुढे जुन्या हायवेला लागून झाकीरची पत्र्याची शेड. दोन मोठी मशिनं, चादरींची एक लांबलचक इस्त्री, आणि ती चालवायला झाकीर आणि त्याची बायको बिलकिस. कर्जतकडच्या फार्महाऊसवर मुंबईकर शनिवार-रविवारी काय जेवले, काय प्याले आणि काय सांडलं, याची पहिली खबर सोमवारी सकाळी या दोघांना लागायची. माणूस तोंड उघडण्याआधी झाकीर त्याची चादर वाचून मोकळा व्हायचा. ही विद्या तो बोटीवर शिकला होता. बावीस वर्षं मोठमोठ्या क्रूझच्या लॉन्ड्रीत, समुद्राच्या पाण्याच्या पातळीखाली. वर डेकवर लोक सूर्यास्त बघायचे, खाली झाकीर त्यांचे टॉवेल बघायचा.

त्याने गाठोडं सोडलं. दहा जोड नवेकोरे, दुकानाच्या घडीचे. अकरावी एक सुती साडी, बोटभर निळ्या काठाची. धनेशच्या आईची, अंबूकाकीची.

धनेश काम सांगितलं की निघून जाणारा माणूस. आज तो थांबला. खुर्ची ओढून बसला. दोन वेळा मोबाईल बघितला.

"एक इचारायचं व्हतं. तू बोटीवरचा माणूस. आत घेताना ताप बघतात का रं?"

"कोनाला ताप हाय?"

"आईला. जरा कणकण. खोकला म्हणशील तर आंबं खाऊन व्हतोच."

"टेस्ट केलीस?"

"पोरीने केली घरी. दोन रेघा आल्या." धनेशने परत मोबाईल बघितला. "पन दुसरी पुसट व्हती."

"म्हंजे करोना पुसट झाला काय?" इस्त्रीमागून बिलकिसने विचारलं.

"भाभी, आता तो सर्दीसारखा झालाय. पेपरवाले परत आकडे छापायला लागलेत, म्हणून काय? कोन घाबरतो आता?"

कोन घाबरतो आता. झाकीरच्या हातातली साडी हातातच राहिली.

पाच वर्षांपूर्वी त्याच्या बोटीवरचे प्रवासी उतरवले आणि कामगार तसेच ठेवले. बोटीवर आजारी माणसाच्या चादरी लाल पिशवीत यायच्या. पिशवी न उघडता मशिनमध्ये टाकायची, गरम पाण्यात ती आपोआप विरघळते, कोणाचा हात लागायला नको. कप्तान भोंग्यावरून सांगत होता, आजारी चार. त्या दिवशी झाकीरने लाल पिशव्या मोजल्या, एकोणीस. त्याने पिशव्यांवर विश्वास ठेवला. सहाव्या दिवशी त्याच्या स्वतःच्या चादरी लाल पिशवीत गेल्या आणि तो बिनखिडकीच्या खोलीत. अडतीस दिवस. दाराबाहेर ताट ठेवायचं, टकटक करायची, आणि आतल्याने दार उघडायच्या आत निघून जायचं, ही तिथली पद्धत.

तिथून सुटून बरं झाल्याची दोन-दोन सर्टिफिकेटं घेऊन तो गावच्या वेशीवर आला, तर रस्त्यात बांबू आडवा. निळ्या प्लास्टिकच्या दोरीने घट्ट बांधलेला. बांबूमागे गावाची दक्षता समिती, समितीच्या पुढे धनेश. चौथीपर्यंत याच धनेशने झाकीरच्या पाटीवरून गणितं उतरवली होती. सर्टिफिकेटं त्याने हातातसुद्धा घेतली नाहीत. "तुझ्यासाठी नाय रं, गावासाठी," तो म्हणाला, आणि झाकीरला शाळेत ठेवलं. चौदा दिवस, तिसरीच्या वर्गात.

नवव्या दिवशी झाकीरची आई गेली. शाळेपासून घर तीनशे पावलं. मयतीला वीसच माणसं, असा तेव्हा नियम होता. शाळेसमोरच्याच कबरस्तानाच्या फाटकाशी धनेश उभा राहून मोजत होता. झाकीरही वर्गाच्या खिडकीच्या गजांतून मोजत होता. एकोणीस आत गेले. मग धनेश म्हणाला, "वीस भरले," आणि फाटक लावून घेतलं. विसावा तो स्वतः होता. बंदोबस्ताला.

त्या चौदा दिवसांत शाळेकडे फिरकलेलं माणूस एकच. धनेशची आई. मुलाने बांधलेल्या बांबूखालून कमरेत वाकून अंबूकाकी यायची, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी कट्ट्यावर ठेवायची. ठेवून पळायची नाही. समोरच्या दगडावर बसायची. "उठलास का रं? गरम हाय तवर खा. मी बसलेय." आई गेली त्या दिवशीही ती दगडावर बसून होती.

नंतर धनेशने फार्महाऊस बांधलं आणि त्याच्या चादरी दर सोमवारी झाकीरकडे यायला लागल्या. झाकीर धुवून द्यायचा. त्या दिवसांबद्दल दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही. धनेशच्या मते ते मिटलं होतं. माणसं आपण केलेलं फार लवकर मिटवतात.

"बोटीवर कळलं तर काय करतात, ठाऊक हाय?" झाकीरने विचारलं.

"कोंडतात ना. म्हणून तर तुझ्याकडं आलो. कळूच नये असं काय तरी सांग."

"काकीला घरी ठेव."

"घरी कोन बघणार तिला? समदे तिकडं. आनी फोटोत मधी कोनाला उभं करू, तुला?"

धनेश हसला. मोकळं, मनापासून, पोट हलवून हसला. तो हसला नसता तर पुढचं कदाचित घडलं नसतं.

झाकीरने साडी टेबलावर नीट ठेवली. मग शाळेत धनेशला गणित समजावून सांगायचा त्याच आवाजात सांगितलं, "तापाची गोळी दे, आत जायच्या दोन तास आधी. खोकल्याचं औषध फाटकाशी पोचल्यावर. फॉर्मवर जितकं इचारतील तितक्याला 'नाही' लिव्ह. आनी तिला चालवू नको, खुर्ची माग. खुर्चीवरच्या म्हाताऱ्या माणसाला कोन जास्त बघत नाय."

"बघ, म्हणून म्हणतो, अनुभवी माणूस पायजे." धनेशने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

झाकीरच्या डोक्यात हिशेब मांडून तयार होता. बोटीवर खोली साफ करणारी पोरं हुशार असतात. दुसऱ्या दिवशी त्यांना खोकला ऐकू जाणार, तिसऱ्या दिवशी डॉक्टर दारात. मग अकरा माणसं, चार खोल्या, चार लाल पिशव्या. धनेशच्या दाराशी कोणीतरी ताट ठेवील, टकटक करील, आणि धनेश दार उघडेपर्यंत निघून जाईल. झाकीर पाच वर्षं या टकटकीची वाट बघत होता, हे त्याला स्वतःला आज कळलं. त्या हिशेबात अंबूकाकी कुठे बसते, ते त्याने बघितलं नाही. तिथे डॉक्टर असतो, एवढंच मनाशी म्हटलं.

बाहेर धनेशच्या गाडीची मागची काच खाली झाली. आत अंबूकाकी होती, उन्हाळ्यात शाल घेऊन.

"झाकीर, तुझी बोट बघून येते रं," ती तिथूनच ओरडली. मध्ये खोकली. "समुद्राचा वारा खाते जरा. खोकला कुठच्या कुठं पळंल."

झाकीरने शेडच्या दारातून हात वर केला. गाडीपर्यंत पंधरा पावलं होती. बांबूही आडवा नव्हता. तो जागचा हलला नाही.

गाडी गेल्यावर बिलकिस म्हणाली, "काय सांगितलंस त्याला?"

"इचारलं ते सांगितलं."

"काकी गाडीत व्हती."

"बोटीवर डॉक्टर असतो."

"मी डॉक्टरचं नाय इचारलं."

संध्याकाळपर्यंत झाकीरने अकराच्या अकरा जोड काढले. काकीच्या साडीला घरची खळ दिली, निऱ्या बसाव्यात अशी घडी घातली. बोटीवरच्या सवयीने प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी टाचणीने लावली. दहा चिठ्ठ्यांवर नुसता आकडा. अकरावीवर आकडा आणि पुढे 'काकी'.

चौथ्या दिवशी धनेशच्या स्टेटसला फोटो आला. निळा समुद्र, पांढरे कपडे, सगळ्यांनी हात वर केलेले. झाकीरने माणसं मोजली. मग फोन बिलकिसकडे दिला.

"मोज."

"दहा," बिलकिस म्हणाली.

झाकीरचा हिशेब कुठेतरी चुकला होता. बोटवाल्यांना कळलं असतं, तर हे दहाजण नाचले नसते. आणि कळलं नसेल, तर अकरावी कुठे होती? फोटोत मधोमध धनेश उभा होता.

आठवड्याने धनेश गाठोडं घेऊन आला. उन्हाने रापला होता, खुशीत होता.

"एक नंबर, झाकीर. जेवान तर इचारू नको. तुझी आयडिया पन जबरी. फाटकावर कोनी बघितलं पन नाय."

"काकी कुठं हाय?"

"पनवेलला ठेवलीय, दवाखान्यात. जरा दम लागतोय. नाकाला नळी लावलीय. वय झालं ना."

"बोटीवर कळलं नाय कोनाला?"

"कसं कळंल? आईची खोली आतली घेतली व्हती, बिनखिडकीची. बाकीच्या बाल्कनीवाल्या. दाराला ते 'त्रास देऊ नका'चं कार्ड लटकवलं, साफ करणारा पोरगा पन आत गेला नाय. जेवान आमीच न्यायचो. दाराशी ठेवायचो, टकटक करायचो."

"आनी?"

"आनी काय? पोरंबाळं बरोबर, आपन कशाला आत जायचं? लागलं एखाद्याला म्हंजे?"

"तिच्याजवळ कोन झोपत व्हतं?"

"एकटीच."

"पाच दिवस?"

धनेशला या प्रश्नात काय चुकीचं आहे ते खरंच कळलं नाही. "तूच म्हणालास ना रं, बोटवाले कोंडतात म्हणून? त्यापरीस आमी घरच्या घरी केलं."

बिलकिसने इस्त्रीचं बटण बंद केलं. शेडमध्ये दोन्ही मशिनं फिरत होती, त्यातल्या एकात धनेशच्याच फार्महाऊसच्या चादरी होत्या. झाकीर गेला आणि त्याने ते मशीन मध्येच थांबवलं. पाणी सोडून दिलं. ओल्या चादरी दोन्ही हातांनी ओढून काढल्या आणि धनेशच्या पायाशी टाकल्या. फरशीवर फेस पसरला.

"हे काय रं?"

"तुझ्या चादरी. घेऊन जा. सोमवारपासनं दुसरीकडं दे."

"अरं पन झालं काय? मी काय केलं तुझं?"

"माझ्याकडचे वीस भरले," झाकीर म्हणाला.

धनेशच्या चेहऱ्यावरचा रंग आधी तसाच होता, मग हळूहळू उतरला. म्हणजे त्याच्याही लक्षात होतं. पाच वर्षं लक्षात होतं. तो खाली वाकला, पिळून न काढलेल्या चादरी छातीशी धरून गाडीकडे गेला, त्याचा शर्ट पुढून भिजला. गाडीच्या दाराशी जाऊन तो वळला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "गाठोड्यात आईची साडी हाय. तिला धुवायला नको. तशीच हाय ती."

गाडी गेली. "मोठं काम गेलं," असं बिलकिस म्हणाली नाही. ती मागे गेली आणि तांदळाचं पीठ चाळायला लागली. पनवेलच्या दवाखान्यात बाहेरची भाकरी आत घेतात की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

झाकीरने गाठोडं सोडलं. वरचा कुर्ता धनेशचा, छातीवर लाल सरबताचा ओघळ. कोणाच्या कॉलरला अत्तर, कोणाच्या बाहीला पावडर. दहाही जोड चुरगळलेले, आणि दहाही जोडांना खारट, ओलसर समुद्राचा वास. बावीस वर्षांत तो वास त्याने इतक्या कपड्यांतून ओळखला होता, की डोळे मिटूनही चुकला नसता.

तळाला साडी होती. त्याने घातलेल्या घडीत, जशीच्या तशी. टाचणी जागेवर. चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात, ११, काकी.

त्याने ती नाकाशी धरली. एकदा, मग पुन्हा एकदा, आतली घडी किंचित उघडून.

नुसत्या खळीचा वास होता.