साफ केलेली दुपार

गच्चीवर उपडी परात, तिच्या पाठीवर काडेपेटीएवढा अँटेना.

टीव्हीच्या बूस्टरची लाल डबी.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक चप्पल.

हर्षाने वर्ध्याच्या दवाखान्यात बाकावर बसून लॅपटॉप उघडला. डॉक्टर पुन्हा बाहेर आले.

"वडील शेवटचं नीट बोलले कधी? मेंदूचा झटका साडेचार तासांच्या आतला असेल, तरच इंजेक्शन देता येईल."

दुपारी जेवताना बोलले होते. "टीव्ही बंद करू म्हणते? मंग मॅच काय तुह्या आभाळात पाहू?" मग भाऊ गजेंद्र दुकानात गेला, ती गच्चीवरच्या खोलीत. दिवे लावायला खाली उतरली तेव्हा बापूजी जिन्याशी पडलेले होते. टीव्ही बंद होता.

"ताई," गजेंद्र म्हणाला, "टीव्ही सुरू असला की तुह्या मशीनवर दिसते ना? मंग बंद कधी केला तेही दिसन."

दिसायचं. बूस्टर टीव्हीच्याच बटणावर होता आणि त्याची घरघर जीपीएस उपग्रहांच्या क्षीण संकेतांवर पसरायची. दोन वर्षं हर्षा त्या घरघरीशीच झगडत होती. अँटेनाने पकडलेलं सगळं डिस्कवर साठवायचं, प्रोग्रामने घरघर गाळायची, उरलेल्यातून उपग्रह शोधायचे. आज पहिल्यांदाच त्यांचे संकेत दुपारभर तुटले नव्हते. फिल्टर जमला म्हणून तिने एकटीनेच टाळी वाजवली होती.

पडद्यावर शांत, सपाट रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे साफ केलेलं आहे."

"मंग साफ करायच्या पहिलेचं दाखव."

"पुसलं."

"काऊन?"

"डिस्क भरलती."

गजेंद्र चार्जरची वायर हाताभोवती गुंडाळत राहिला, सोडली, पुन्हा गुंडाळली.

डॉक्टर थांबले होते. हर्षाने रेघेवर बोट टेकवलं, जरा पुढे सरकवलं आणि उचलून घेतलं.

"नाही सांगता येत."

"मग जेवणापासून धरावं लागेल. इंजेक्शनची वेळ उलटली," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले. दार हळूहळू आपोआप लागलं.

गजेंद्रने वायर तिच्या मांडीवर ठेवली.

हर्षा खाली उतरायच्या थोडंच आधी, हात जड पडू लागला तेव्हा, बापूजींनी स्वतः उठून टीव्ही बंद केला होता. हाक गच्चीपर्यंत जावी म्हणून.