काच हातात असताना

काच हातात असेपर्यंत तोंडातून फक्त 'पायरी' हा शब्द निघायचा, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. ते गेले, काचेचं दुकान दोघा भावांकडे आलं, नियम तसाच राहिला. आज धाकट्याने तो मोडला.

जिना अरुंद. थोरला वर, उलट्या पावलांनी चढत होता, धाकटा खाली. मध्ये माणसाएवढी काच. थोरल्याला मागचं दिसत नव्हतं. ते धाकट्यानेच सांगायचं.

"पायरी," धाकटा म्हणाला, आणि लगेच, "मी घेतलेलं खिडकीचं माप घरमालकीण बाईंसमोर पुन्हा घेतलंस ना काल?"

"वर गेल्यावर बोलू."

"कशाला? केस पिकायला लागले माझे, तरी तू टेप काढतोसच. उद्यापासून दुकान तुझं, टेप तुझी. मी चाललो."

थोरल्याची कानशिलं तापली. वडिलांच्या आजारपणात दुकान कोणी ओढलं, कुणाच्या चुका कोणी निस्तरल्या, सगळं जिभेवर येऊन बसलं. राग हा असा पाहुणा, की उंबऱ्यात नुसती विचारपूस केली तरी आत बिऱ्हाड थाटतो. हातमोज्यात घाम सुटला. काच बोटभर घसरली. आणि खाली धाकट्याचा गळा!

'देवा, तू माझी जीभ धर, मी काच धरतो.'

"पायरी सांग, बाळा."

थोरल्याचा पाय हवेत चाचपडला, परत खाली आला.

"हवं तेवढं रागाव. थांबतो मी. पण तुझ्या शब्दाशिवाय पाऊल टाकणार नाही."

काचेवर धाकट्याचा श्वास उमटला, विरला.

"पायरी," शेवटी आवाज आला. "उंच आहे. जपून."

वर काच पोत्यावर टेकवली. घरमालकीण बाईंनी विचारलं, "बसेल ना नक्की?"

थोरल्याचा हात सवयीने टेपकडे गेला. धाकटा बघत होता. थोरल्याने टेप काढली आणि धाकट्याच्या खिशात घातली.

"माप ह्याचं आहे, बाई. ह्यालाच विचारा. मी नुसता हमाल."

खालची कड खाचेत बसली. वरची अडली. थोरल्याने ओठ घट्ट मिटले. धाकट्याने तळव्याने हलकेच दाबलं, काच आत सरकली.

थोरल्याचे हात अजून काचेवरच.

"सोड आता, दादा. बसली." धाकट्याने टेप त्याच्या पट्ट्याला परत अडकवली. "चल, दुसरी काच खाली उभी आहे. ह्या खेपेला उलटा मी चढतो."