सखूबाईनं झाकलेला लॅपटॉप

सखूबाईला उघडं भांडं बघवत नसे. वीस वर्षं तिनं मेंढरांमागं बिऱ्हाड हाकलं होतं, घोड्यावर संसार लादून, आज या शिवारात तर उद्या पुढच्या. शेकडो खुरांची धूळ भाकरीवर बसायला कितीसा वेळ लागतो? पाणी असो, ताक असो, पीठ असो, तोंड उघडं दिसलं की तिचा हात आपोआप झाकणाकडे जाई. मेंढरं विकून राहू गावात घर बांधलं, ऊस-कांदा सुरू झाला, त्यालाही बारा वर्षं झाली. पण जित्याची खोड ती, ती कुठली जाते!

आणि सुनेचा लॅपटॉप तर दिवसभर आ वासून बसलेला.

सून प्रतिभा दौंडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. आज अकरा वाजता तिची मुलाखत होती, घरबसल्याच, लॅपटॉपवर. पुण्याच्या एका कंपनीला अशी माणसं हवी होती, जी लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून मार्गी लावतील. काम सगळं घरून. ते मिळालं तर बिऱ्हाड राहूतच राहणार. नाही मिळालं, तर सखूबाईच्या लेकानं, शंभूनं, रांजणगावात आपल्या कंपनीजवळ खोली बघून ठेवली होती. प्रतिभालाही तिथंच कुठंतरी चिकटवायचं, असं ठरलेलं. सखूबाईनं तोंडानं "जावा की, म्या कशाला अडवू?" म्हटलं होतं खरं, पण त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

त्यात आठ दिवसांपासून त्या लॅपटॉपचं काहीतरी बिनसलं होतं. चांगला चालता चालता त्याचं वाय-फाय गुल व्हायचं. शंभूनं राउटर खिडकीत टांगला, मग कपाटावर चढवला, गावातल्या टॉवरचा उद्धार केला. शेवटी त्यानं घरात ताकीद दिली, "लॅपटॉपला कुणी हात लावायचा न्हाई." कुणी म्हणजे कोण? घरात उरतंच कोण? सखूबाईनं मुकाट्यानं मान डोलावली. बटणांना तिनं एकदाही हात लावला नव्हता. आणि झाकणं म्हणजे काय हात लावणं असतं होय!

सकाळी साडेनऊला प्रतिभानं सगळं तपासलं. नेट झकास चालू. मग ती न्हायला गेली. सखूबाई दुधाचं पातेलं घेऊन खोलीवरून जात होती. पलीकडच्या रानात ट्रॅक्टर फिरत होता, खिडकीतून धूळ आत येत होती आणि टेबलावर लॅपटॉप उघडाच. तिनं आत जाऊन तो हलक्या हातानं मिटला. वर फडकंही टाकलं.

सव्वादहाला प्रतिभानं फडकं काढून लॅपटॉप उघडला आणि तिचा चेहरा उतरला. वाय-फायचं चिन्हच नाही. फोनवर मात्र तेच वाय-फाय बिनबोभाट चाललेलं. तिनं शंभूला फोन लावला, स्पीकरवर.

"रिस्टार्ट कर," तो म्हणाला. मागून यंत्रांचा धडधडाट येत होता.

"परवा रिस्टार्ट केला तर पाऊण तास अपडेटच करत बसला. आणि फोनवरून मुलाखत द्यायची नाही म्हणालेत, लॅपटॉपवर काम करून दाखवायचंय."

"मंग कुणीतरी हात लावला आसंल!" शंभू म्हणाला आणि त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

सखूबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. गप्प बसणं सोपं होतं. इतके दिवस गप्पच बसली होती की! पण सून घड्याळाकडे बघत ओठ चावत होती, आणि ते काही तिला बघवेना.

"प्रतिभा, म्या झाकला त्यो."

"काय?"

"लॅपटॉप. धुरळा उडत हुता म्हून झाकला. बटणं न्हाई दाबली, बिरोबाची आन."

आता ही चिडणार, म्हणून सखूबाईनं मान खाली घातली. पण प्रतिभानं विचारलं, "आत्या, परवा पण झाकला होता?"

"परवा बी. दिसंल तवा झाकते."

"आणि दर वेळी मी उघडला की नेट गेलेलं!" प्रतिभा ताडकन उठली. "म्हणजे राउटरचं काही नाही, टॉवरचं नाही. हा झोपेतून उठतो तेव्हाच बिघडतो. आत्या, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी इचारलंच न्हाई. नुसती ताकीद दिली."

प्रतिभानं फोनवर शोधाशोध केली, मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरून वाय-फायचा भाग एकदा बंद करून पुन्हा चालू केला. चिन्ह परत आलं. तिथंच एका चौकोनात बरोबरची खूण होती: वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करू द्यावा. तिनं ती खूण काढून टाकली.

"झाकण लावलं की हा बॅटरी वाचवायला वाय-फायलाही झोपवायचा, आणि स्वतः उठला की त्याला उठवायचं विसरायचा."

"आगं, सगळी मेंढरं निजली तरी राखणीचं कुत्रं जागं ठेवावं लागतं," सखूबाई म्हणाली. "येवढं बी कळंना व्हय त्याला?"

"आता कळलं. झाका बघू."

सखूबाईचा हात पुढं होईना. प्रतिभानंच तो धरून झाकणावर ठेवला. लॅपटॉप मिटला. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला. मग उघडला, तर वाय-फाय जागच्या जागी.

अकराला मुलाखत सुरू झाली. सखूबाई दाराबाहेर लसूण सोलत बसली. हात कमी आणि कानच जास्त चालत होते. कंपनीच्या अनुपमा मॅडमनी बरंच काही विचारलं, कामही करवून बघितलं. शेवटी म्हणाल्या, "बिघाड झालाय, आणि समोरचा माणूस म्हणतो मी काहीच केलं नाही. पहिला प्रश्न काय विचाराल?"

"प्रश्न नंतर, मॅडम," प्रतिभा म्हणाली. "आधी सांगेन की तुमची काही चूक नाही, घाबरू नका. मग माणूस खरं सांगतो. आज आमच्या आत्यांनी धीर करून खरं सांगितलं, म्हणून मी तुमच्यासमोर बसलेय." आणि तिनं सकाळची सगळी हकिकत सांगितली, दुधाच्या पातेल्यापासून.

बाहेर सखूबाईनं डोळे पुसले. लसणाच्या हातानं पुसले, त्यामुळं ते आणखीच वाहिले.

सोमवारपासून कामावर या, असं दुपारी कळलं. प्रतिभानं लगेच शंभूला फोन लावला. बातमी ऐकून तो खूश झाला, पण त्याचं पालुपद काही सुटेना. "ते ऱ्हाऊ दे, हात कुणी लावला हुता ते कळलं का?"

प्रतिभा सासूकडे बघत म्हणाली, "जाऊ द्या ना, कुणी नाही."

सखूबाईनं तिच्या हातातून फोन घेतला.

"म्या लावला हुता," ती म्हणाली. "आन् बिघाड बी म्याच दावला. आता त्या खोलीवाल्याला न्हाई म्हून सांग आन् येळंवर घरी ये. तुजं ताट वाढून झाकून ठिवते."