मानशीचं दार

"मॅडम, पोटातल्या काळोखात गोळीला वाट कशी दिसते?"

तनयाने विचारलं आणि मागे सुविधाने तोंडात रुमाल कोंबला. पैजच होती तशी. तुयेच्या औषध कारखान्यात, सगळ्या दहावीच्या वर्गासमोर हे विचारून दाखवलं तर आठवडाभर सुविधाच्या डब्यातली नीरफणसाची कापं तनयाची! गेल्या वर्षापर्यंत तनया वर्गात 'हजर'सुद्धा पुटपुटायची. आता मात्र मान ताठ.

कारखान्यातल्या शुभांगी मॅडम हसल्या नाहीत. "वाट नाही दिसत. पण दार केवढं उघडायचं ते तिला ठाऊक असतं."

त्यांनी एक यंत्र दाखवलं. काचेची सहा भांडी, त्यांत अंगाइतकं कोमट पाणी, पाण्यात संथ फिरणारी पाती. "ही आमची सहा पोटं." प्रत्येक पोटात एक गोळी, सकाळपासून विरघळणारी. इतकी हळू, की तिच्याभोवती फक्त धुक्याचा एक धागा.

तनया बघत राहिली. काच दिसेनाशी झाली. मांडवी नदी आली, आमोण्याच्या शेतांचा बांध आला, आणि बांधातली मानस. नदी फुगली की मिटणारं, ओसरली की उघडणारं ते लाकडी दार. त्याची राखण तिच्या आजोबांची, बाबलीआजोची. गोळीच्या आत तिला इवलासा आजो दिसला, गुडघाभर पाण्यात, दाराच्या फळीवर हात ठेवून पाणी जरा जरा सोडणारा. "घाई नाका गो," तो म्हणाला.

"रक्तदाबाची गोळी आहे ही," दुरून मॅडमचा आवाज आला. "दिवसभर पुरवून पुरवून औषध सोडते. पाकिटावर नावापुढे 'SR' ही दोन अक्षरं असली, की कुटायची नाही. कुटली तर सगळं एकदम अंगात."

तनया खाडकन जागी झाली. कुटली तर?

आजोच्या घशात गोळी अडकते, म्हणून आई रोज सकाळी ती कुटून पेजेत कालवते. आणि दहा वाजले की आजोला अंधारी. दोनदा पडला, तेव्हा बाबांनी त्याचं बांधावर जाणंच बंद केलं. आता तो दारापुढच्या बाल्कांवात बसून नुसता नदीकडे बघतो.

संध्याकाळी घरी पोचल्याबरोबर तिने औषधांचा डबा उपडा केला. तीच दोन अक्षरं! धापा टाकत तिने सगळं सांगितलं.

आईचा चेहरा उतरला. "मी बऱ्यासाठीच करत होते गो."

"म्हणजे तू रोज मानस फोडून नदी शेतात घेत होतीस, सुने," बाल्कांवातून आजो म्हणाला. रागाने नाही, कोडं सुटल्यासारखा.

बाबा हसले. "एक कारखाना बघितला नि डॉक्टर झाली आमची बाय!"

"नाही झाले, म्हणून तर तुम्हा दोघांना सांगते," तनया म्हणाली. "उद्या मी शाळेत जाणार नाही. आजोला घेऊन डिचोलीला डॉक्टरांकडे जाणार. त्याला गिळता येईल असं दुसरं काय आहे, ते विचारायचं. त्याला बांधावर कधी जाता येईल, तेही. आणि विचारणार मी."